वाचक विचारतात : कुत्र्याचा खाऊ, फोडणीच्या आधी काढलेला

आमचा लॅब्रेडॉर चार वर्षांचा आहे, नसबंदी झालेली आहे, वजन ३४ किलो. डॉक्टरांनी २८ किलोवर आणायला सांगितलंय. जेवण म्हणून कोरडं खाद्य मापूनच देतो, तरी वजन हलत नाही. सकाळच्या चहाबरोबर सासरे ग्लुकोजची बिस्किटं देतात, सात-आठ तरी होतात. दुपारी अर्धी भाकरी. आता खाऊ सगळा बंदच करायचा का?
– गृहिणी, टिळकवाडी, बेळगाव

बंद करू नका, मोजा. वजन अडलंय ते मापलेल्या खाद्यामुळे नाही, न मापलेल्या खाऊमुळे. २८ किलोवर आणायच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. खाऊ आणि वरचं सगळं मिळून त्यातला दहावा भाग, म्हणजे ८५ कॅलरी. पाच-सहा ग्रॅमच्या एका ग्लुकोज बिस्किटात सुमारे २५ कॅलरी असतात, आठ बिस्किटांच्या झाल्या २००. साठ ग्रॅम पिठाची जोंधळ्याची भाकरी २०० कॅलरीच्या आसपास जाते, म्हणजे अर्धीच्या १००. दिवसाला ३०० कॅलरी वरून जातायत. कोरड्या खाद्यात मोजल्या तर हे जवळजवळ ८० ग्रॅम भरतं.

सकाळीच एका छोट्या डब्यात दिवसभराचा खाऊ काढून ठेवा: १०० ग्रॅम गाजराच्या चकत्या (४० कॅलरी) आणि बिनमिठात उकडलेलं २० ग्रॅम चिकन, छातीकडचं, कातडी काढून (३३ कॅलरी). चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. कुत्रा तुकड्याचा आकार बघत नाही, किती वेळा मिळालं ते बघतो. घरात ज्याला द्यायचं असेल त्यानं या डब्यातूनच द्यायचं, आणि डबा संपला की त्या दिवसाचा खाऊ संपला. सासऱ्यांचा सकाळचा आनंद हिरावून घेऊ नका, त्यांच्या हातात बिस्किटाऐवजी गाजर द्या. गाजराऐवजी उकडलेल्या श्रावणघेवड्याच्या शेंगा, दुधी किंवा लाल भोपळा चालतो. भोपळा फोडी करून, वर तेल-तूप काही नको.

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतार बरा, म्हणजे तुमच्याकडे साडेतीनशे ते सातशे ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी वजन करा. त्याहून झपाट्यानं उतरलं तर खाद्य थोडं वाढवा. सगळं मोजूनही महिनाभरात काहीच उतरलं नाही, तर डॉक्टरांना थायरॉइडची तपासणी करावी का, ते विचारा.

आमची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेडही आहे. कुत्रा पडलेली द्राक्षं खातो, त्याला आजवर काही झालेलं नाही. लोक मात्र विष आहे म्हणतात. आणि सणाला गोकाकचा करदंट, बेळगावचा कुंदा चिमूटभर दिला तर चालेल का?
– शेतकरी, अथणी तालुका

आजवर काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही, असं द्राक्षाच्या बाबतीत धरता येत नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होतं, असं आता मानलं जातं. या आम्लाचं प्रमाण जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतं. म्हणून एका कुत्र्यानं मूठभर खाऊनही काही होत नाही आणि दुसरा थोडक्यात जातो. अमुक इतकी द्राक्षं चालतात, असं सुरक्षित प्रमाण कुणी सांगू शकत नाही. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला तो द्राक्षापेक्षा जास्त घातक. अथणी, विजयपूर, तासगाव या सगळ्या पट्ट्यात कुत्रा शेडच्या आत येणार नाही अशी जाळी लावणं हाच उपाय आहे. जाळी खालून जमिनीत वीतभर पुरा, नाहीतर तो उकरून आत येतो.

खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टर उलटी करवू शकतात, नंतर त्याचा उपयोग कमी होत जातो. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट उभं राहतं. उलट्या, मलूलपणा, अन्नावरची वासना जाणं ही चिन्हं बहुधा पहिल्या दिवसात दिसतात. लघवी कमी होणं किंवा थांबणं त्यानंतर एक-दोन दिवसांत.

हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. त्यामुळे चिंचेची आमटी, चिंचेचा कोळ घातलेली भाजी कुत्र्याच्या ताटात जाता कामा नये. आपल्याकडे आमटी-भात कालवून घालायची सवय घरोघरी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

करदंटात बहुतेक वेळा बेदाणे असतात, तेव्हा तो नकोच. कुंदा विषारी नाही, पण खवा आणि साखर आटवून केलेला आहे. एवढी चरबी एकदम पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येते, विशेषतः लठ्ठ आणि वयस्क कुत्र्यांत. पाठ कमानीसारखी करून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही, पुन्हा पुन्हा ओकतो. सणाला द्यायचंच असेल तर पुरणाची डाळ शिजली की गूळ घालण्याआधी चमचाभर बाजूला काढा.

मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून घातली की आमचं कुत्रं ताट चाटून पुसून खातं. तुकडे घालत नाही, नुसता रस्सा. त्यानं काय होतं?
– निपाणी

रश्श्यात कांदा-लसूण मसाला असतो, तिथेच अडचण आहे. कांदा आणि लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, तळून, वाळवून ती नाहीशी होत नाहीत. वाळलेल्या मसाल्यात उलट ती दाटलेली असतात. कुत्र्याच्या दर किलो वजनाला १५ ते ३० ग्रॅम कांदा एकदम गेला तर रक्तावर स्पष्ट परिणाम दिसतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे पुरतात. रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत जातं. फसगत अशी की खाल्लं त्या दिवशी काहीच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या होतात, धाप लागते, लघवी तांबूस-तपकिरी येते. तोवर घरातला कुणीच त्याचा संबंध रश्श्याशी लावत नाही.

त्याला आवडते ती चव मांसाची आहे, मसाल्याची नाही. तेव्हा त्याचं पाणी वेगळं काढा. हाडासकट पाव किलो चिकन एक लिटर पाण्यात, मीठ-मसाला काही न घालता, मंद आचेवर पाऊण तास उकळा. गाळणीनं गाळा आणि हाडं सगळी मोजून टाकून द्या. शिजलेलं हाड फुटलं की त्याच्या टोकदार कपच्या होतात आणि आतड्याला भोक पाडतात. कोंबडीचं असो की मटणाची नळी, शिजलेलं हाड म्हणून कुठलंच देऊ नये. गाळलेलं पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, वर गोठलेला चरबीचा थर सकाळी काढून टाका. मध्यम कुत्र्याला जेवणावर तीन-चार चमचे पुरे. फ्रिजमध्ये ते तीन दिवस टिकतं. जास्त केलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि रोज एक वडी काढा.

घरात मटण शिजतं त्या दिवशी तर वेगळी खटपटही नको. मीठ, हळद, वाटण पडायच्या आधी चार बिनचरबीचे तुकडे छोट्या भांड्यात निराळे शिजवून घ्या.

माझा मुधोळ २१ किलोचा आहे. फासळ्या दिसतात म्हणून शेजारी नावं ठेवतात. रोज कोंबडीचं काळीज आणि चार अंडी सुरू करू का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, चिकोडी

शेजाऱ्यांचं ऐकू नका. मुधोळ ही धावणारी जात. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं आणि पोट वर ओढलेलं असणं हीच त्याची निरोगी ठेवण. कंबरेची हाडं आणि मणके टोकदार वर आले असतील, तरच तो खंगलाय. तसं असेल तर आधी जंताचं औषध आणि विष्ठेची तपासणी, खाऊ नंतर.

काळीज रोज नको. त्यात अ जीवनसत्त्व खूप असतं आणि ते शरीरात साठतं, महिनोन्महिने जास्त झालं की मान आणि सांध्यांची हाडं जखडतात. आठवड्यातून दोनदा २० ते २५ ग्रॅम, उकडून, एवढं बस. अंडं एक दिवसाआड एक, तेही उकडलेलं. एका अंड्याच्या सत्तर-पंचाहत्तर कॅलरी धरून तेवढी भाकरी कमी करा. छाती खोल असलेल्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवलं तर जठराला पीळ पडण्याची भीती असते. जेवण आणि पळणं यात तास-दीड तासाचं अंतर ठेवा.

रताळ्याच्या चघळायच्या पट्ट्या घरी करता येतील का? उन्हात वाळवल्या तर बुरशी आली.
– निवृत्त शिक्षक, खानापूर

खानापूरच्या पावसात उन्हाचा भरवसा धरू नका, ओव्हनच वापरा. बाजारात बेळगाव भागातलं रताळं ढिगानं येतं तेव्हा अर्धा किलो घ्या. घासून धुवा, साल राहू द्या, उभ्या पट्ट्या कापा, जाडी ६ ते ८ मिलिमीटर. १२० अंश सेल्सिअसवर दीड तास, मग उलटून आणखी एक ते दीड तास. पट्टी वाकली पाहिजे, पण तुटू नये. याहून पातळ कापली तर करकरीत होऊन कपच्या निघतात, जाड कापली तर आत ओल राहते, आणि तुमच्या पट्ट्यांना बुरशी त्या ओलीनंच आली. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरल्या की झाकणाला घाम सुटतो. फ्रिजमध्ये आठवडा टिकतात.

बारा पट्ट्या झाल्या तर एकीत पस्तीसेक कॅलरी. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक. बुरशीचा भाग कापून उरलेली पट्टी देऊ नका, सगळी टाका. बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका तर गोठ्याजवळही ठेवू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत निकामी करतं.

शेंगदाण्याचं बटर गोळी भरवायला वापरतो. ते बरं का?
– हिंडलगा

बरं, पण डब्यावरचा मजकूर वाचून. ‘शुगर-फ्री’ डब्यात साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं. त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळते आणि यकृत बिघडतं. त्यापेक्षा घरचे चांगले भाजलेले, निवडलेले शेंगदाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटा, मीठ-गूळ न घालता. गोळी झाकायला पाव चमचा पुरतो.