बॉण्ड्सचं नाव काढलंस म्हणून एवढं लिहितोय

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, पण लगेच उत्तर दिलं नाही कारण चॅटवर दोन ओळीत उरकायचा विषय नाही हा. जिममधल्या माणसाने बाटली दिली, "कॅम्पमधले सगळेच घेतात" म्हणाला, आणि तू मला विचारतोस की सर, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या बॅरी बॉण्ड्सवर पण स्टेरॉइड घेतल्याचे आरोप झाले, तरी रेकॉर्ड त्याच्याच नावावर आहे ना? आहे. करिअरचे 762 होमरन (बॉल थेट कुंपणापार) आणि 2001 च्या एका सीझनमधले 73, दोन्ही अजून त्याचेच. पण तू गोष्ट शेवटाकडून वाचतोयस, मला ती जरा आधीपासून सांगू दे.

28 मे 1998. बॉण्ड्सची टीम जायंट्स विरुद्ध अ‍ॅरिझोना, नववी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, अ‍ॅरिझोना 8-6 ने पुढे आणि बॅटिंगला आला बॉण्ड्स. अ‍ॅरिझोनाचा मॅनेजर बक शोवॉल्टर, त्याने काय केलं तर याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे न खेळवता फुकटचा पहिला बेस! एक रन सरळ देऊन टाकला पण याला बॅट फिरवू दिली नाही. पुढचा बॅटर आउट झाला आणि मॅच 8-7 ने त्यांची. तू सॉफ्टबॉल खेळतोस, बेस लोडेड असताना असा वॉक देणं म्हणजे समोरच्याची किती धास्ती, हे तुला वेगळं सांगायला नको. तोपर्यंत बॉण्ड्सला सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी पुरस्कार तीनदा मिळाला होता, आणि त्याच वर्षी करिअरमध्ये 400 होमरन आणि 400 स्टील (पळून चोरलेले बेस) दोन्ही करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

आणि त्याच सीझनमध्ये अख्खी अमेरिका बघत कुणाला होती? मॅक्ग्वायर आणि सोसाला. एकाचे 70 होमरन, दुसऱ्याचे 66. बॉण्ड्सकडे फारसं कुणाचं लक्षच नव्हतं, आणि ते बघूनच तो स्टेरॉइडच्या वाटेला गेला असं त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी लिहिलंय, त्याने स्वतः हे कधी कबूल केलेलं नाही. पण पुढे त्याची बॉडी बदललेली सगळ्यांनी बघितली. मला भीती वाटते ती इथेच. तुझ्या टीममधला जो कच्चा आहे त्याला त्या बाटलीवाल्याने विचारलं नाही, तुला विचारलं, कारण तू चांगला खेळतोस आणि तुझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाचं नाव आधी घेतलं जातं हे तुला लागतंय.

2003 मध्ये खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को नावाच्या लॅबवर छापा पडला. बॉण्ड्सला ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांसमोर, साक्षीला बोलावलं, तिथे तो म्हणाला की ट्रेनरने दिलेलं ते मला जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम वाटलं होतं. ट्रेनर म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र, ग्रेग अँडरसन, त्याने साक्षच दिली नाही, त्यासाठी जेलमध्ये जाऊन बसला. तिथे शपथेवर खोटं बोलल्याबद्दल बॉण्ड्सवर 2007 मध्ये केस, 2011 मध्ये न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल एका आरोपात दोषी, 2015 मध्ये तोही निकाल रद्द. कायद्याने आज त्याच्यावर काही नाही. पण बारा वर्षं गेली त्यात.

हॅन्क आरॉनचा 755 चा रेकॉर्ड त्याने मोडला 7 ऑगस्ट 2007 ला, सॅन फ्रान्सिस्कोत घरचं पब्लिक उभं राहून ओरडत होतं, आरॉनने स्क्रीनवरून व्हिडिओत अभिनंदन केलं, आणि बाहेरच्या स्टेडियममध्ये मात्र लोक त्याला हुर्यो करत होते. तो बॉल साडेसात लाख डॉलरला एका फॅशन डिझायनरने घेतला, लोकांकडून व्होटिंग करून घेतलं आणि त्यावर चांदणीची खूण (*, म्हणजे या रेकॉर्डवर शंका आहे) कापून हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर लोकांचा सन्मान करणाऱ्या, म्युझियमला पाठवला. बॉल तिथे पोचला. बॉण्ड्सला तिथे घ्यायचं का यावर पत्रकारांचं 10 वर्षं मतदान झालं, त्यात शेवटच्या वेळी 2022 मध्ये 66 टक्के मतं मिळाली, लागतात 75.

आणि त्या काळात लीगचा प्रमुख, म्हणजे कमिशनर, असलेला बड सेलिग 2017 मध्ये त्याच हॉल ऑफ फेममध्ये गेला. हा मला सरळ अन्याय वाटतो. 1994 च्या संपात वर्ल्ड सिरीज रद्द झाली, रुसलेलं पब्लिक होमरन बघायला परत आलं, गल्ले भरले, आणि शिक्षा असलेली टेस्टिंग आली थेट 2004 मध्ये. ज्यांनी कमावलं ते सुटले. तुझ्या बाबतीतही तो बाटलीवाला सुटेल, लक्षात ठेव.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते 2004 चं. त्या वर्षी त्याला 232 वॉक मिळाले, त्यातले 120 मुद्दाम दिलेले. उरलेले शंभराच्या वर वॉक त्याने नजरेवर मिळवले, कुठला बॉल सोडायचा ते ओळखून, आणि ती नजर कुठल्या इंजेक्शनने येत नाही, ती त्याचीच होती, पोरसवदा असल्यापासूनची. पण आज ते कोण मानतं? जे खरंखुरं त्याचं होतं त्यावरही लोक शंका घेतात, आणि कुठलं किती त्याचं हे आता कुणीच वेगळं काढून दाखवू शकत नाही.

तुझ्याबाबतीत तर कायदाही जास्त कडक आहे. नाडाची, म्हणजे आपल्या देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेची, टेस्ट पॉझिटिव्ह आली की "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, तुझ्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुझी, मग ते कुणीही दिलेलं असो.

तर आता एवढं कर. बाटली फेकू नकोस, लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढून मला पाठव आणि बाटली घेऊन उद्या ग्राउंडवर ये. एखादा डोस घेतला असशील तर आजच फोन कर, कितीही वाजू देत, मी ओरडणार नाही, आधी डॉक्टरकडे जाऊ. आणि कॅम्पमध्ये आणखी कुणाला दिलीय ती नावं सांग, त्या पोरांशी पण मला बोलायचंय.

तुझा,
सर