मेमधले देवमासे आणि १२ लाखांचा विमा

प्रश्न : वय ४१, कोथरूडला फ्लॅट, गृहकर्ज ३८ लाख बाकी. पत्नी गृहिणी, दोन मुलं, घरखर्च महिना ५० हजार. मेच्या सुट्टीत मुलांना श्रीलंकेत मिरिस्साला देवमासे दाखवायचेत. टूर साडेतीन लाखांची. पर्सनल लोन घेऊ की एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीवर कर्ज? विमा तेवढा एकच : १२ लाखांचा, २० वर्षांचा, ६० हजारांचे सहा वार्षिक हप्ते भरलेत. एजंट म्हणतो, मुदत संपल्यावर २२ लाख मिळतील.

उत्तर : दोन्ही नको, आणि मेमध्ये मिरिस्सा तर मुळीच नको. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी दक्षिण किनारा खवळतो, बहुतेक बोटी बंद राहतात. टूरवाला हे बोलला नसेल, तर बुकिंगचे पैसे देऊ नका. मेच हवा असेल तर पूर्वेचं त्रिंकोमाली बघा.

लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं धरलं, तर हप्ता १२ हजार, व्याज ८० हजार. पॉलिसीवर एवढं कर्ज मिळणारच नाही. ते सरेंडर मूल्याच्या (पॉलिसी आज मोडली तर हाती येणाऱ्या रकमेच्या) टक्क्यांत देतात, आणि ते मूल्य अजून तुम्ही भरलेल्या ३.६ लाखांच्याही खाली असेल.

पण तुम्ही विचारायला हवं होतं ते वेगळंच. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर हे १२ लाख बँकेलाच पुरणार नाहीत. २६ लाख कमी पडतील. घरखर्च त्यापुढे. एजंटचे २२ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के, तेही बोनस (कंपनी पॉलिसीत जोडते ती रक्कम) ठरल्यासारखा मिळाला तर. याला गुंतवणूक म्हणून विकणाऱ्याचं मला कौतुक वाटतं!

आधी दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, साठीपर्यंत. तंबाखू नसेल तर वर्षाला अंदाजे ३०-३५ हजार. शुगर, बीपी काहीही लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम कर्जवसुली करणाऱ्यांपासून सुरक्षित राहते. हा पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो. नवी पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच राहू द्या. विमा रक्कम ३.६ लाखांवर येईल, जमलेला बोनस टिकेल. सरेंडरचा आकडाही शाखेतून लेखी मागवा आणि ताडून बघा.

जुन्या-नव्या विम्याच्या हप्त्यांच्या फरकातून वाचलेले वर्षाचे २५ हजार आणि लोनच्या हप्त्याचे महिना १२ हजार आरडीत (बँकेच्या आवर्ती ठेवीत) टाका. दीड वर्षात अडीच लाख जमतील. त्यानंतरच्या नाताळच्या सुट्टीत जा, टूरमधली देवमाशांशी संबंध नसलेली ठिकाणं गाळा, मिरिस्साला दोन सकाळी मोकळ्या ठेवा. देवमासा दिसेलच याची हमी कुणी देत नाही. बोट पहाटे निघते, चार-पाच तास समुद्रात असते; उलटी थांबवणारी गोळी निघण्याआधीच घ्या, उपाशीपोटी नको.