तलावात जेसीबी उतरवण्याआधी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

गावचा मालगुजारी तलाव (पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातला) दुरुस्त करायचं तुम्ही पोरांनी मनावर घेतलंत, फार बरं वाटलं. पण काठ सिमेंटने बांधायचा, भोवती पेव्हर ब्लॉक बसवायचे, हे अंदाजपत्रकात वाचून जीव खाली-वर झाला. तेवढं करू नका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले असे बरेचसे तलाव गोंड राजवटीपासूनचे. कोहळी लोकांनी जमिनीचा उतार ओळखून मातीच्या पाळी, म्हणजे तलावाचे बंधारे, घातले. वरचा तलाव भरला की पाणी खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, तिथून धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि दरसालची डागडुजी मागे पडत गेली. तुला जपायची आहे ती ही सगळी पाण्याची वाट.

आधी तलाठ्याकडे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज बघ. तलावावर गावाचे हक्क काय, ते त्यात सापडतं. मग मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत जाऊन निवांत बस. पाणी कुठे खोल, कोणत्या गवतात मरळ मासोळी अंडी घालते, हे त्यांच्याइतकं इंजिनिअरलाही ठाऊक नसतं. ते गवत, ते देवधान (रानटी भात) उथळ काठालाच उगवतं. गोंदियाकडचा सारसही तिथेच चरतो. म्हणून गाळ मधल्या भागातला काढा, काठाचा उतार मोडू नका. आणि गाळ संपून खालची घट्ट चिकणमाती लागली की मशीन थांबवा, मग ठेकेदार काहीही म्हणो. तो थर फुटला तर पाणी खाली मुरेल आणि ऐन धान गर्भात असताना तलाव रिकामा पडेल. निघालेला गाळ बांध्यांमध्ये टाका.

तलावातली बेशरमाची झुडपं नुसती छाटू नका. ओल्यात कांडी पडली की पुन्हा फुटते. मुळासकट उपटून पाण्यापासून लांब वाळवा.

पाणी सोडायची जुनी मोरी चुन्यातली असेल तर तिला चुनाच लावा. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं आणि काही वर्षांत वीट भुगा होऊन गळू लागते. चुना कालवणारा गवंडी मिळायला वेळ लागेल, आतापासूनच विचारपूस कर.

अंदाजपत्रक बदलून ग्रामसभेआधी मला पाठव. त्या सभेला ढिवरांच्या संस्थेची माणसं आलीच पाहिजेत. निरोप धाडू नकोस, स्वतः जाऊन बोलावून आण.

तुझा,
काका