आयात वाढली की माझंच काही गेलं असं का वाटतं?

प्रश्न : मी निर्यात करणाऱ्या कंपनीत हिशेब बघतो. माझा पगार परदेशी गिऱ्हाइकांवर चालतो. तरी ‘आयात वाढली, व्यापारी तूट वाढली’ असं वाचलं की कुणीतरी आपल्याला लुबाडतंय असं वाटून चिडचिड होते. हे ढोंग म्हणायचं का?

उत्तर : ढोंग नाही हो. आधी तो ‘तूट’ शब्द बघा. तुमच्या वहीत तूट निघाली की कुणीतरी पैसे खाल्ले किंवा बेरीज चुकली. व्यापारी तूट म्हणजे मात्र बाहेर विकलं त्याहून जास्त बाहेरून घेतलं, एवढंच. घेतलेला माल आपल्याकडेच असतो. पण शब्द आधीच बोचून गेलेला!

शिवाय बातमी वाचताना तुम्ही पगारदार नसता, देश असता. एडवर्ड मॅन्सफील्ड आणि डायना मट्झ यांच्या २००९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात हेच दिसलं. व्यापाराबद्दलचं मत स्वतःच्या खिशापेक्षा देशाचं भलं होतंय की वाईट या समजुतीवर आणि परक्यांविषयीच्या भावनेवर जास्त ठरतं.

मी मानसशास्त्र शिकवायचो तेव्हा फळ्यावर दोन ओळी लिहायचो : ‘आपल्याला १०, त्यांना १५’ आणि ‘आपल्याला ८, त्यांना ३’. दुसऱ्या ओळीला बरेच हात वर. दोन कमी मिळाले तरी चालतील, त्यांची सरशी नको! एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, त्यांना म्हणजे कुणाला?’ मी शेजारच्या तुकडीचं नाव घेतलं. आणखी हात वर गेले.

इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोनं १८१७ मध्ये मांडलेलं उदाहरण याच्या अगदी उलट. तेवढ्याच कापडाला पोर्तुगालमध्ये ९० माणसं, इंग्लंडमध्ये १००; वाइनला ८० आणि १२०. दोन्हींत पोर्तुगाल सरस, पण वाइनमध्ये जास्त सरस; म्हणून त्यानं वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, त्यात दोघांचा फायदा. मला हे दर वेळी कागद-पेन्सिल घेऊनच पटतं. चिडायला कागद लागत नाही.

मात्र सगळी चीड खुळी नसते. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं, की चिनी आयातीची झळ जास्त बसलेल्या अमेरिकी भागांत बेकारी वाढली, मजुरी घसरली. बंद कारखान्याच्या फाटकाशी माणसं उभी दिसतात. स्वस्ताईचा फायदा लाखो घरांत थोडा थोडा वाटला जातो, त्याला चेहरा नसतो.

तुमच्या चिडीत त्या फाटकावरच्या माणसांचा वाटा किती आणि शेजारच्या तुकडीचा किती, हे पत्रावरून कळत नाही. पुन्हा लिहा.