लॅमिंग्टन रोडवर जुना एचडी-डीव्हीडी प्लेअर स्वस्तात मिळतोय. तो घेऊ की ब्लू-रे?

ब्लू-रेच घ्या. दोन्ही साध्या डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या डिस्कचे प्रकार, पण एचडी-डीव्हीडीवर लावणार काय? वॉर्नर या सिनेमा कंपनीने जानेवारी २००८ मध्ये ब्लू-रेची बाजू धरली आणि फेब्रुवारीत एचडी-डीव्हीडीवाल्या तोशिबाने तिचा गाशाच गुंडाळला. नवीन डिस्क येणंही त्यानंतर लवकरच थांबलं. साध्या डीव्हीडी त्यावर चालतील, पण त्या ब्लू-रे प्लेअरवरही चालतात. चित्रात म्हणाल तर दोन्ही तोडीस तोड होते. जागा मात्र ब्लू-रेत जास्त, दोन थरांत ५० जीबी विरुद्ध ३०.

ब्लू-रे डिस्क घेताना वेष्टनामागचं विभागाचं अक्षर बघा, कारण प्लेअर ज्या विभागाचा, त्याच विभागाची डिस्क त्यावर चालते. भारत ‘सी’, अमेरिका ‘ए’. मावशीने न्यू जर्सीहून हौसेनं आणलेली डिस्क आमच्या दादरच्या घरी लावली, तर पडद्यावर नुसती विभाग चुकल्याची पाटी! फोरके, म्हणजे आणखी स्पष्ट चित्राच्या, डिस्कला विभागाची भानगड नसते, पण त्यांना प्लेअर वेगळा लागतो.