दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: अंतराला वेगाने भागले तरी प्रवासाचा वेळ का जुळत नाही?

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर दूर आहे आणि विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे चौदा तासांच्या आत पोहोचायला हवे. मग तिकिटावर सोळा तास का दाखवतात, असे आपण विचारले आहे. आपला भागाकार बरोबर आहे, परंतु विमान तेवढेच अंतर कापत नाही.

१२,४०० किलोमीटर ही पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये ताणलेल्या दोऱ्याची लांबी आहे. हा दोरा हिमालय, तिबेट, सायबेरिया आणि आर्क्टिक महासागरावरून जातो. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर पायलटला सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठारच त्याहून उंच असल्यामुळे विमान कंपन्या तो भाग शक्यतो टाळतात. त्यात राजकारणाची भर पडते: २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचे, तर एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचे आकाश बंद झाले. प्रत्येक वळशाने किलोमीटर वाढतात.

मात्र किलोमीटर वाढले म्हणजे वेळही वाढलाच पाहिजे असे नाही, आणि या मार्गाची खरी गंमत मला यातच वाटते. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले; अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, तरीही प्रवास जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, ते अटलांटिकच्या मार्गावर समोरून येत होते. पॅसिफिकच्या मार्गावर तेच पाठीमागून मिळाले. १५,३०० ला साडेचौदाने भागून पाहा: जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या वर जातो. हे वारे हिवाळ्यात अधिक जोरदार असतात, त्यामुळे ऋतूप्रमाणे वेळ बदलतो.

तिकिटावरचा वेळ मुळात गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणे त्यातच मोजलेले असते. म्हणून नियोजन करताना किलोमीटर बाजूला ठेवून तोच आकडा धरावा, असे माझे मत आहे. उतरण्याची वेळ काढताना मात्र एक काळजी घ्यावी. सॅन फ्रान्सिस्को भारताच्या मागे आहे, पण हिवाळ्यात साडेतेरा तास आणि मार्च ते नोव्हेंबर या काळात साडेबारा तास. पहाटे चारला निघालेले विमान साडेपंधरा तासांनी पोहोचले, तर तेथे त्याच तारखेचे सकाळचे सहा किंवा सात वाजलेले असतील; कोणी घ्यायला येणार असेल, तर त्यांना तेथील तारीख आणि वेळच कळवावी.