गुरांचे औषध आणि गिधाडांचा ऱ्हास

प्रश्न : गुरांच्या वेदनाशामकामुळे गिधाडे कशी मेली? बंदीनंतरही धोका का उरला?

उत्तर : डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर लगेच दगावल्यास औषधाचा अंश त्याच्या मांसात राहतो, ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि यूरिक आम्ल यकृत, हृदय अशा अवयवांवर पांढऱ्या थरासारखे साचून ते मरते, हे पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या अभ्यासातून २००४ मध्ये स्पष्ट झाले. भारताने २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. परंतु माणसांसाठीच्या याच औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचत राहिल्याने २०१५ मध्ये कुपी एका मात्रेपुरतीच ठेवण्याचा नियम करावा लागला. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित असे दुसरे वेदनाशामक असताना ही पळवाट एवढी वर्षे राहावी, हे अनाकलनीयच! त्यातच गिधाडाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही.